सावली, शेड आणि साडेतीनशे रुपयांची डिक्शनरी

"पप्पा, डिक्शनरीचा कुणी रिव्ह्यू लिहितं का?" थोरली हसत सुटली. का नाही लिहायचा? लोक फवारणी पंपाचा लिहितात, ठिबकच्या नळ्यांचा लिहितात. ही वस्तू दोन वर्षं माझ्या काउंटरवर आहे, पावतीबुकाच्या शेजारी, आणि पावतीबुकापेक्षा जास्त उघडली जाते.

माझी नर्सरी आहे, पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचनच्या थोडं पुढे. शिक्षण मराठी माध्यमातून बारावी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पहिलीपासून झालं ते २००० साली. त्यामुळे माझं इंग्रजी खतांच्या गोण्या आणि औषधांच्या बाटल्या वाचत वाढलेलं.

तर डिक्शनरी. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, २०१० ची आठवी आवृत्ती. अप्पा बळवंत चौकात जुनी घेतली, साडेतीनशेला. मागचं सीडीचं पाकीट रिकामं, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं, मधल्या काही पानांवर चहाचा डाग. २०२० ला दहावी आवृत्ती आलीय, पण मला हीच पुरते. सावली काय दहा वर्षांत बदलत नाही.

घ्यायची वेळ आली ती एका कार्डामुळे. बंगळुरूच्या एका लँडस्केपवाल्या मॅडमना अँथुरियम पाठवायचे होते. म्हटलं, प्रत्येक कुंडीला निगेचं छापील कार्ड बांधू, जरा इज्जत वाढेल. पाचशे कार्डं छापून घेतली. पाणी किती, खत कधी, आणि खाली ठळक अक्षरात 'कीप इन शॅडो'. माल पोचला त्या संध्याकाळी मॅडमचा फोन. माल चांगला आहे, पॅकिंग चांगलं आहे, आणि मग, "भाईसाब, एक बात बताइए, रखना किसकी शॅडो में है?"

मला पटकन कळलंच नाही. त्या हसल्या म्हणून मीही हसलो. फोन ठेवल्यावर मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "पप्पा, शेड लिहायचं होतं." उरलेल्या कार्डांच्या मागे अजून मजुरीचा हिशेब लिहितोय.

आता ह्यात माझी चूक किती? घरात एक खिशातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, मुलींच्या शाळेच्या वेळची. तिच्यात शेड म्हणजे 'सावली, छाया' आणि शॅडो म्हणजे 'छाया, सावली'. नावं उलटी लावली की झाला फरक! मी आपला शॅडो उचलला, कारण शेड हा शब्द आमच्याकडे आधीच कामाला लावलेला. पत्र्याची शेड, गुरांची शेड, रंगवाल्याकडचं शेड कार्ड आणि आमची शेडनेट. मराठीत सगळ्यांचं स्पेलिंग एकच. 'शेडमध्ये ठेव' म्हटलं तर पत्र्याखाली की जाळीखाली, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. एका नव्या पोराने ऐन एप्रिलात दोनशे फर्न पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन रचले. मी सांगितलं तेच त्याने केलं होतं. चौथ्या दिवशी बघतो तर पानांच्या कडा पापडासारख्या. पत्र्याची शेड आणि सावलीची शेड हे इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, एकाचा उच्चार तोकडा आणि दुसऱ्याचा 'शेऽड' असा लांबवलेला, हे मला ह्याच डिक्शनरीतल्या उच्चाराच्या खुणांवरून समजलं. तोवर बावन्न वर्षं मी दोन्हींना एकाच दावणीला बांधलं होतं.

शेडच्या पानावर एक चौकट आहे. शेड आणि शॅडो शेजारी-शेजारी बसवून फरक सांगितलाय. अर्थ थोडक्यात असा: शेड म्हणजे उन्हापासून वाचलेली जागा, थोडी अंधारी, थंड. शॅडो म्हणजे उजेडाच्या आड काही आलं की पडणारा काळा आकार. शेडमध्ये बसता येतं. शॅडोला हात असतात, डोकं असतं, ती लांब होते, आखूड होते. व्याकरणही त्याप्रमाणेच. आकार मोजता येतो, म्हणून एक शॅडो, दोन शॅडो. थंडावा मोजता येत नाही, म्हणून ह्या अर्थाच्या शेडला मोजणी नाही. पुढे एक मेख मारून ठेवलीय. नीट काही दिसू नये असा काळोख असेल, समजा कुणाचा चेहरा अंधारात आहे, तर तिथे शॅडोसुद्धा न मोजता चालतो. हे वाचून मी आधी वैतागलो. मग वाटलं, बरं झालं सांगितलं, नाहीतर पुढच्या कार्डावर तिसरीच चूक केली असती.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर आमची जाळी पन्नास टक्के किंवा पंचाहत्तर टक्के ऊन अडवते. अँथुरियमला पंचाहत्तरची लागते. हा टक्का शेडचा. शॅडोचा टक्का कोण काढणार?

आणि मराठीला हा फरक माहीतच नाही असं समजू नका. नर्सरीतल्या मावशी बोलत होत्या तेव्हा नीट कान दिला. "ट्रे सावलीला घ्या," "मी जरा सावलीला बसते," असं म्हणतात तेव्हा ती जागा. "भिंतीची सावली ट्रेवर पडतीय," म्हणतात तेव्हा तो आकार. नाम एकच, पण शेपूट बदलतं: 'सावलीला' झालं की शेड, 'सावली पडली' झालं की शॅडो. मोठ्यांच्या सावलीत वाढलो म्हणतो ती शेड. सावलीसारखा मागे लागलाय म्हणतो ती शॅडो. आमचा भाग पर्जन्यछायेचा. त्याला इंग्रजीत रेन शॅडो म्हणतात. सह्याद्री ढग अडवून धरतो आणि त्याच्या आडोशाला आम्ही कोरडे. इथे सावली म्हणावी असा थंडावा कसला, म्हणून तिथे शेड नाही हे लगेच पटलं.

हे पुस्तक मुळात इंग्रजांसाठी लिहिलेलंच नाही, म्हणून आपल्याला उपयोगी पडतं. हॉर्नबी नावाचा माणूस जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. त्याने साथीदारांबरोबर हा कोश केला, तो १९४२ साली तोक्योत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. बोन्सायच्या नादाने चार जपानी शब्द माझ्या कानावरून गेलेत, त्यातला एक 'कागे'. त्यांच्याकडेही दोन्ही सावल्यांना उच्चार हाच, लिहिताना चिन्हं वेगळी. म्हणजे माझ्यासारखी पोरं हॉर्नबीसाहेबांपुढेही बसलेली असणार. इंग्लंडात जन्मलेल्याला शेडमध्ये बस हे सांगावं लागत नाही. आपल्याला 'बस' कुठल्या शब्दाबरोबर जातं तेच सांगावं लागतं, आणि ते काम इथे उदाहरणाची वाक्यं करतात. मी अर्थ सोडून आधी वाक्यंच वाचतो.

धंद्यातला दुसरा गुंता कलमांचा. आपण कोय कलम, भेट कलम म्हणतो, छाट कलम आणि गुटी कलमही म्हणतो. इंग्रजीत पहिली दोन ग्राफ्टिंगमध्ये येतात, म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर जोडायची. छाट कलम म्हणजे कटिंग, एकाच झाडाची काडी मातीत रोवलेली. गुटी म्हणजे लेअरिंग, फांदी आईच्या अंगावर असतानाच तिला मुळं फोडायची. सगळ्यांना ग्राफ्ट लिहिलं तर गिऱ्हाईक जोड शोधत बसेल आणि सापडणार नाही. ग्राफ्ट बघायला गेलो तर तिथे आणखी दोन अर्थ दिसले. ब्रिटिश बोलीत घाम गाळून केलेलं काम, आणि अमेरिकेकडे लाचलुचपत! तेव्हा कुठे इंग्रजी पेपरातल्या 'ग्राफ्ट केस'चा उलगडा झाला. आपल्याकडे लाच घेणाऱ्यावर कलम लावतात, तिकडे कलम म्हणजेच लाच. हा विनोद मी कृषी सहायकांना सांगितला. ते हसले नाहीत.

तक्रारी आहेत. मराठी एक अक्षर नाही, म्हणजे अर्थ समजायला आधी थोडं इंग्रजी यावंच लागतं. सोप्या शब्दांत समजावलेलं असलं तरी पहिला महिना मी एका शब्दासाठी तीन शब्द शोधत होतो. अक्षर बारीक, माझा चष्मा दीडचा, संध्याकाळी साडेसहानंतर ती मिटलेलीच बरी. कागद इतका पातळ की ओल्या हाताने पान उलटायला जाल तर चार पानं एकदम येतात, आणि नर्सरीत कोरडा हात कुणाचा असतो? वजन एवढं की फोनवर बोलता बोलता एका हाताने धरून शब्द बघायचा प्रश्नच येत नाही. मुलगी म्हणते फोनवर बघत जा. फोनवर बघतो तेव्हा शब्द मिळतो, तेवढ्यात मेसेज येतो, आणि शब्द जातो.

दहावीपर्यंतच्या मुलाला पहिलीच डिक्शनरी म्हणून घेत असाल तर थांबा, जड जाईल. पण ज्याला इंग्रजीत चार ओळी लिहून धंदा करावा लागतो त्याने जुनी का होईना घ्यावी. पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो माझ्या डोळ्यांच्या नावे.

मे महिन्यातली एक गोष्ट राहिली. १३ तारखेच्या आसपास पुण्याकडे शून्य सावली दिवस येतो. साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली. तो जुलैच्या शेवटीही पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. शेजारच्या शाळेचे सर चार पोरं घेऊन आले होते. ठिबकच्या पाइपाचा हातभर तुकडा आम्ही ओळंब्याने सरळ उभा केला. सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी म्हणाली, "पप्पा, इंग्रजीत ह्याला झिरो शॅडो डे म्हणतात, झिरो शेड नाही."

मी आंब्याकडे बघितलं. खाली मावशी डबा सोडून बसल्या होत्या.

"मावशी, आज सावली नाही म्हणतात," मी ओरडलो.

"मग मी कशात बसलीय?" मावशी म्हणाल्या आणि भाकरी मोडली.