दुरुस्तीला आलेली स्वस्त जुनी गाडी, १४ महिन्यांनंतर: रेडिएटरचं झाकण आधी बघा

परवा वॉटर पंप (इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, फिरवणारा) आणि टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) बदलून गाडी घरी आली, म्हणून आज लिहायला बसले. पाचव्या महिन्यात लिहिलं असतं तर ‘असली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

छोटी पेट्रोल हॅचबॅक, १२ वर्षांची, १,१८,००० किमी झालेली. विकणाऱ्याने चार दोष आपणहून सांगितले: पुढचे ब्रेक पॅड संपलेत, सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) गेलेत, टायर बदलायला झालेत, एसी बंद आहे. टायरच्या कडेवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे मी वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आठ वर्षांचे निघाले. सगळ्याचा खर्च काढला, तो मागितलेल्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास गेला. तेवढे पैसे कमी करून घेतले आणि व्यवहार केला. या कामांचं मला आजही वाईट वाटत नाही. ब्रेक, बुश, टायर यांची झीज डोळ्यांना दिसते, दर आधी विचारता येतो आणि एकदा काम झालं की विषय मिटतो.

मी फसले ते दुसरीकडेच. गाडी बघायला पोचले तेव्हा इंजिन गरम होतं. ‘आत्ताच एक चक्कर मारून आणली,’ म्हणाले. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. म्हणून मी ते उघडलं नाही, आणि नंतर कधी थंड असताना उघडून बघू असंही म्हणाले नाही. बाजूच्या कूलंटच्या बाटलीत पातळी बरोबर होती, पण रंग गढूळ तांबूस. म्हणजे कूलंटऐवजी नुसतं पाणी भरत आले होते आणि आत गंज धरला होता. मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

पाचव्या महिन्यात एका लांब चढावर तापमानाचा काटा बघता बघता लाल पट्टीत गेला. आई मागे बसली होती. हीटर पूर्ण सोडला, त्याने इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, आणि जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथे दहा मिनिटांत निकाल: ‘ताई, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल.’ हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील. खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. कशावरून म्हणता, कोणती चाचणी केलीत, असं विचारलं तर ‘इतकी वर्षं हेच काम करतोय’ हे उत्तर. चाचणी एकही केली नव्हती, तपासणीचे पैसे मात्र लावले. अर्धा तास वाद घातला, शेवटी पैसे भरून गाडी ओढून बाहेर काढली. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या मेकॅनिककाकांनी गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी पहिलं काम केलं ते झाकण उघडण्याचं. रबर तडकलेलं, स्प्रिंग मऊ पडलेली. पाणी १०० अंशांना उकळतं, पण १ बारचं झाकण दाब धरून ठेवत असेल तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब सोडत असेल तर चढावर आत उकळी फुटते आणि पाणी बाटलीतून बाहेर जातं. इंजिन गार होताना ते परत आत ओढून घेणारी झडपही त्याच झाकणात असते, तीही निकामी होती. मग त्यांनी इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. गॅस्केट फुटून ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असते तर द्रव पिवळा पडला असता. निळाच राहिला. नवीन झाकण, आतली धुलाई, नवं कूलंट. खर्च आधीच्या अंदाजाच्या विसाव्या भागाइतकाही नाही.

त्यानंतर दोन महिने मी ज्याला त्याला या गाडीचं कौतुक ऐकवत होते. मग कूलंटची पातळी दर आठवड्याला बोटभर उतरायला लागली. जमिनीवर थेंब नाही. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राभोवती वाळलेल्या कूलंटचा थर सापडला: आतलं सील गेलेलं. या इंजिनात पंप टायमिंग बेल्टने फिरतो, तेव्हा तिथवर पोचायला बेल्ट उतरवावाच लागतो. बेल्ट आधी कधी बदलला होता याची नोंदच नव्हती. बऱ्याच गाड्यांत तो ६०,००० ते १,००,००० किमीच्या दरम्यान बदलायचा असतो, आणि अनेक इंजिनांत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन बाद होतं. इथे माझं मत बदललं. त्या गॅरेजचं चुकलंच, पण माझा पहिला हिशोबही अपुरा होता. नोंद नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून त्याचे पैसे किमतीतून आधीच कापायला हवे होते.

आता ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचं छोटं यंत्र घेतलंय, त्यावर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो ८० अंशांनाही मध्यावर असतो आणि १०० लाही, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या गाडीत पंखा ९८ ला सुरू होतो, ९२ वर थांबतो. मी रोज बघते.

चालली १३,४०० किमी. दुरुस्तीचा एकूण खर्च खरेदी किमतीच्या ६० टक्क्यांवर गेलाय, एसी अजून बंदच आहे. तरी अशी गाडी मी पुन्हा घेईन. थंड इंजिन दाखवायला नकार दिला तर मात्र तिथूनच परत फिरेन.

धाकटी बहीण अशीच एक गाडी बघतेय. विकणारे म्हणाले, गाडी घेऊन मीच येतो. आम्ही सांगितलं, आम्हीच येतो, तोवर चालू करू नका. ते हो म्हणालेत. रविवारी सकाळी सातला निघतोय, सोबत टॉर्च, ओबीडीचं यंत्र आणि झाकण पुसायला पांढरं फडकं.