सी-व्हिजिल : फलक उतरतो, पिपाणी सुटते

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत प्रचार संपायला तीन दिवस उरले असताना आमच्या सोसायटीसमोरच्या बसथांब्यावर रातोरात एका उमेदवाराचा फलक लागला, तेव्हा आचारसंहिता भंगाची तक्रार करण्यासाठी असलेले निवडणूक आयोगाचे ‘सी-व्हिजिल’ हे मोफत ॲप मी पहिल्यांदा वापरले. छायाचित्र काढावे किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत घ्यावी, ठिकाणाची नोंद ॲप स्वतःच करते. पुढे तक्रार जिल्हा नियंत्रण कक्षातून भरारी पथकाकडे जाते आणि शंभर मिनिटांत तिचा निकाल लागावा, असे आयोगाने ठरवून दिले आहे. आमचा फलक दुपारच्या जेवणाआधी उतरला. खांबावर सुतळीच्या गाठी तेवढ्या राहिल्या.

नाव न सांगता तक्रार करता येते, ही त्याच गल्लीत राहणाऱ्याला फार मोठी सोय आहे. मात्र तसे केल्यास पुढे काय झाले, हे ॲपवर कळत नाही.

फोनमध्ये आधीपासून असलेली चित्रफीत ॲप स्वीकारत नाही, याबद्दल अनेक जण कुरकुरतात. मला मात्र यातच खरे शहाणपण दिसते, कारण एरवी मागच्या निवडणुकीतले साडीवाटप यंदाच्या विरोधकाच्या नावावर खपवणारे कार्यकर्ते कोणत्याही पक्षात सापडले असते.

ॲपची मर्यादा वेगळीच आहे: सारख्या नावाने किंवा सारख्या चिन्हाने मतदार गोंधळला, तर तिथे ते कामाचे नाही. रायगडमध्ये २०१४ साली सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून अवघ्या २,११० मतांनी हरले आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांहून अधिक मते घेतली. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले, तर पिपाणीचे चित्र असलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली, आणि त्या पिपाणीचे अधिकृत मराठी नावही ‘तुतारी’च होते. अशा वेळी डाव कोणी टाकला, किंवा मुळात टाकला का, हे सिद्ध करणे कठीण. अर्ज वैध, अनामत भरलेली, चिन्ह आयोगाच्याच यादीतले, मग भरारी पथकाने येऊन उतरवायचे तरी काय?

फलक, पाकिटे, दारू आणि भेटवस्तू यांच्यासाठी मात्र हे ॲप जरूर घ्यावे. फोनवरचे लोकेशन चालू ठेवावे, आणि छायाचित्र काढल्यावर तक्रार पाठवायला पाचच मिनिटे मिळतात म्हणून मजकूर आधीच मनात जुळवून ठेवावा.