गिरणगावातलं जेवण : खानावळ आणि मिल कंपाउंड

लोअर परळमध्ये आज जेवायला जायचं म्हटलं की लोक कमला मिलच्या आवारातलं एखादं रेस्टॉरंट सुचवतात. त्याच परिसरात पूर्वी गिरणी कामगारांच्या खानावळी होत्या. तुलना फक्त चवीची केली तर रेस्टॉरंट सहज जिंकेल. खानावळीत निवड नव्हतीच, बाई वाढेल ते खायचं. पण पैसे पगार झाल्यावर द्यायचे. कोकणातून, घाटावरून आलेला, चाळीतल्या खोलीत दाटीवाटीने राहणारा कामगार त्या उधारीवर शहरात टिकला. चालवणाऱ्या बायकांच्या हातातही पैसा आला. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

खानावळी रेस्टॉरंटनी बुडवल्या, असं मात्र म्हणता येत नाही. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप लांबला, गिऱ्हाईकच संपलं. रेस्टॉरंट आली ती खूप नंतर. मधल्या काळात 2001 मध्ये गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाचा नियम बदलला आणि त्या जमिनीतला पालिका व म्हाडाचा (घरं बांधणाऱ्या सरकारी संस्थेचा) वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, बाकीची जमीन मालकांकडे राहिली. माझा राग असलाच तर त्या बदलावर आहे, पास्त्यावर नाही.

रेस्टॉरंटमुळे रोजगार आला, हे खरं. पण डिसेंबर 2017 च्या आगीत कमला मिलमध्ये 14 जणांचा जीव गेला, तेव्हा या झगमगाटात सुरक्षेचे नियम किती पाळले जातात तेही दिसलं. तिथले वेटर स्वतः जेवतात कुठे? बहुतेक गेटबाहेरच्या गाडीवर, रोख पैसे देऊन.