सेकंड लाइफमध्ये माप घेत नाहीत

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी कात्री आणि मशीन दोन्ही बंद ठेवायला सांगितलं. सांगलीत ३१ वर्षं ब्लाउज शिवते मी. पहिल्या आठवड्यातच घरातल्या सगळ्यांच्या शर्टांची बटणं तपासून झाली, दुसऱ्या आठवड्यात घरातले माझ्यासमोरून जायचं टाळायला लागले. मग भाची, सई, तिचा जुना गेमिंगचा लॅपटॉप घेऊन आली. "आत्या, डाव्या हातानं माउस धर. इथं कपडेच कपडे आहेत, कुणालाही नावं ठेव."

हे सेकंड लाइफ. सान फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीनं २००३ च्या जूनमध्ये सुरू केलं, ते अजून चालू आहे. गेम म्हणावा तर जिंकायचं काहीच नाही. एक बाहुली घ्यायची (तिथे अवतार म्हणतात, शब्द आपलाच) आणि फिरायचं. कंपनी जमीन भाड्यानं देते. वरची घरं, झाडं, दुकानं, चपला, केस जवळपास सगळं तिथल्या रहिवाशांनी केलेलं. खातं फुकट. मी माझ्या बाहुलीचं नाव शेवंती ठेवलं. खांदा केव्हाच मोकळा झाला, पण शेवंती राहिली. वर्षभर वापरून लिहितेय, तेव्हा पहिल्या दिवसाचा उत्साह यात नाही.

आधी कपडे. फुकटातली बाहुली ठीक असते, पण चांगले कपडे तिच्यासाठी केलेलेच नसतात. म्हणून अंग वेगळं विकत घ्यायचं, डोकं वेगळं, कातडी वेगळी, केस वेगळे. बायकांच्या अंगांत मैत्रेया नावाच्या दुकानाचं लारा, शिवाय लेगसी, रिबॉर्न अशी नावं आहेत. डोक्यांत लेलुट्का या दुकानाचा बोलबाला. मी लारा घेतलं, २,७५० लिंडनला. लिंडन हा तिथला पैसा, एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशे येतात. म्हणजे अंग हजार रुपयांच्या आसपास पडलं. डोकं त्याहून महाग निघालं. सई म्हणाली, सगळीकडे तसंच असतं.

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की छाती, कंबर, मुंढा, दंडाचा घेर, पाठीची उंची, गळ्याची खोली अशी सगळी मापं वहीत जातात. इथे माप घेतच नाहीत. कपडा अंगाच्या नावावर केलेला असतो, लाराचा वेगळा, रिबॉर्नचा वेगळा. आपण पट्टी सरकवून बाहुलीची छाती वाढवली की कपडाही तेवढा फुगतो. ऐकायला स्वप्नच. तरीही कुठे ना कुठे कातडं कापडातून बाहेर डोकावतंच. आम्ही अशा वेळेसाठी माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) सोडलेली असते, ती उसवतो. तिथे अंगाचा एक नकाशा उघडतो, त्यावर पाठीचा तुकडा दाबला की पाठ गायब! याला आल्फा म्हणतात. ब्लाउज बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाची पाठ काढून ठेवायची.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा राहवलं नाही, कॅमेरा गळ्यातून आत घातला. आत कुणी नाही. नुसती पोकळी. बाहीची आतली बाजूसुद्धा केलेली नव्हती, बाहीतून सरळ पलीकडची भिंत दिसत होती. अस्तराची तर गोष्टच सोडा. बाहेरून मात्र टीप इतकी सरळ की माझ्या हाताखालच्या मुलींना दाखवावी.

विकत घेण्याआधी डेमो घ्या, तो फुकट किंवा एखाद्या लिंडनला असतो. अंगावर मोठ्या अक्षरांत डेमोची पाटी घेऊन फिरायला पहिल्यांदा कसंतरी वाटतं. पण दुकानात चार बायका तशाच पाट्या मिरवत उभ्या असतात. मी एकदा हा शहाणपणा केला नाही. एका दुकानात (नाव घेत नाही) मोरपिशी गाऊन बघितला आणि फोटोवर भाळून ३४९ लिंडन मोजले. तो लाराचा नव्हताच. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. कोपर बाहीतून बाहेर, गुडघे घोळातून बाहेर. मालकाला निरोप टाकला तर ठरलेली चिठ्ठी आली, परत घेत नाही, बदलून देत नाही. वर कपड्याला नो ट्रान्सफर, म्हणजे कुणाला देऊनही टाकता येत नाही. पैसे फार नव्हते. पण मी दिवाळीच्या गर्दीतसुद्धा घट्ट झालेला ब्लाउज एक पैसा न घेता उसवून देते, म्हणून लागलं.

एक काळ असा होता की दुकानांत गाचाची यंत्रं असायची. पैसे टाका, काय निघेल ते नशीब. २०२१ मध्ये कंपनीनं ती विक्री बंद केली. बरं झालं. माझ्यासारखीनं त्यात घराचा हप्ता घातला असता.

मला वाटायचं, हे कपडे चित्र काढावं तसे काढत असतील. सईनं खरा प्रकार दाखवला. पुष्कळ जण मार्व्हलस डिझायनर नावाचा कोरियन प्रोग्रॅम वापरतात. त्यात पुढचा भाग, पाठ, बाही असे तुकडे सपाट आखायचे, कुठली कड कुठल्या कडेला जोडायची ते सांगायचं, आणि कापड बाहुलीवर सोडून द्यायचं. ते आपल्या वजनानं खाली येतं, बसतं, चुण्या पडतात, कंबरेत झोळ येतो. अहो, हे कटिंगच! तेव्हापासून मी तिथल्या दुकानात गेले की किंमत नंतर बघते, आधी कॅमेरा मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, नेते. कुणी मुंढा फार खोल घेतलाय, कुणाचा टक (आकारासाठी घातलेली टोकदार चूण) थेट छातीच्या टोकाला भिडलाय. तो इंचभर अलीकडे थांबायला हवा, हे तिथेही लागू आहे. उलट एका कोटाची कॉलर उरेपात (तिरक्या दोऱ्यात) कापल्यासारखी अशी वळली होती की मी अर्धा तास तिच्याभोवती फिरत होते.

पण तो कपडा बाहुलीच्या हाडांना बांधला की थिजतो. स्कर्ट मांडीच्या हाडाला चिकटतो, बाई चालली की कापड रबरासारखं ताणतं. २०११ मध्ये मेश, म्हणजे बाहेर घडवून आणलेले कपडे, आले, त्याआधीचे कपडे दिसायला अगदीच ओबडधोबड होते. कातडीवर रंगवलेला अंगरखा आणि खाली फ्लेक्सीच्या, म्हणजे लवचीक, पट्ट्या. त्या पट्ट्या मात्र हलतात. त्यांच्या ऑनलाइन बाजारात मला अशी एक जुनी साडी ६० लिंडनला मिळाली. निऱ्या नुसत्या चितारलेल्या, काठ धूसर, ब्लाउज म्हणजे अंगाला लावलेला रंग. पण पदर! शेवंती वळली की पदर क्षणभर मागे राहतो, मग येतो. मधूनच दंडातून आरपार जातो, जाऊ दे. आजवर तिथे घेतलेल्या सगळ्या कपड्यांत कापड म्हणावं असं मला तेवढंच वाटलं.

कपड्यांसाठी गेले आणि भटकायला लागले. हेटेरोसेरा नावाचा खंड आहे, तिथल्या भागांना पतंगांच्या जातींची नावं, आणि त्यावरून आगगाडी फिरते. ते सगळं जग २५६ मीटरच्या चौकोनांचं आहे, गोधडीसारखं जोडलेलं, आणि प्रत्येक जोडावर गचका बसतो. आमच्याकडचं नेट पावसात रडतं, त्यामुळे एकदा गाडी पुढे निघून गेली आणि शेवंती रुळांवर अधांतरी बसून राहिली. स्वर्ग नावाचं एक बेटही आहे, नाव खरोखर हेच. फार जुनं. पूर्वी तिथे ढग, पाऊस, रोपं आणि मधमाश्या यांची एकमेकांवर चालणारी साखळी बसवलेली होती. मी गेले ते नावासाठी. बेलिसेरिया नावाच्या दुसऱ्या खंडात २०१९ पासून पैसे भरणाऱ्या सभासदांना घरं देतात, होडीतली, चाकांवरची, लाकडाची. मी सभासद नाही, पण रस्त्यावरून लोकांचे पडदे बघत फिरायला कोण अडवतंय?

मी राहते ते बर्लिनमध्ये. म्हणजे राहत नाही, पण आठवड्यातून दोनदा जाते. १९२० च्या दशकातलं बर्लिन तिथे २००९ पासून उभं आहे, ब्रांडेनबुर्ग दरवाजासकट. आत फिरायचं तर त्या काळाचे कपडे हवेत. नसतील तर सुरुवातीलाच फुकट मिळतात. मी तपकिरी कोट आणि डोक्याला घट्ट बसणारी घंटेच्या आकाराची टोपी घेतली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिथे सगळं खऱ्या मापाचं आहे. सेकंड लाइफमध्ये बायका सर्रास साडेसहा-सात फूट असतात, घरंही त्याच हिशेबानं ऐसपैस. बर्लिनच्या पहिल्याच दारात शेवंतीचं डोकं चौकटीच्या वर गेलं. मी घाईघाईनं कोपऱ्यात जाऊन तिची उंची कमी केली, ५ फूट २ इंच. माझीच. हात लांब दिसायला लागले म्हणून तेही आखडले. अख्ख्या सेकंड लाइफमध्ये माझं माप घेणारी ती एकच जागा.

फोटोचा नाद तिथेच लागला. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं. सूर्य आपल्यापुरता हवा तिथे नेता येतो, शेजारी उभ्या असलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी संध्याकाळ केली, धुकं थोडं वाढवलं, दिव्याच्या खांबाखाली शेवंतीला उभं केलं. बाहुली जागेवर राहते आणि कॅमेरा एकटा फिरतो, हे अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले. ऑल्ट दाबून माउस ओढला की कॅमेरा तिच्याभोवती फिरतो. कंट्रोल आणि ० दाबत गेलं की लांबची लेन्स लावल्यासारखं चित्र दाटतं, ९ नं मूळ जागी येतं. चेहऱ्याचा फोटो ० दाबूनच काढा, नाहीतर नाक पुढे येतं. आमच्या शेजारच्या लग्नाच्या फोटोग्राफरला हे सांगितलं तर तो म्हणाला, काकू, आम्ही पण तेच करतो.

खरी गंमत नजरेची. कॅमेरा ज्या वस्तूवर रोखाल तिकडे बाहुलीची मान आणि डोळे वळतात. शेवंतीनं किंचित खाली, डावीकडे बघावं असं मला हवं होतं. मी बर्फावर रोख धरला तर ती भिकाऱ्याला बघितल्यासारखी बघायला लागली. खांबावर धरला तर तिरळी. शेवटी फुटपाथवर पडलेल्या एका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर रोख धरला आणि ती कुणाची तरी वाट बघून कंटाळलेली बाई झाली. टोपीच्या काठाची सावली एका डोळ्यावर आली, दुसरा डोळा उजेडात. सावल्या चालू केल्या की लॅपटॉपचा पंखा इचलकरंजीच्या मागासारखा धडधडतो आणि चित्र अडखळत चालतं, म्हणून त्या अगदी शेवटी चालू करायच्या. एका फोटोला पाऊण तास गेला. फोटो स्वतःच्या संगणकावर उतरवायला पैसे लागत नाहीत. तिथल्या सामानाच्या पेटीत ठेवायचा तर निदान १० लिंडन. तिथले लोक आपले फोटो फ्लिकरवर लावतात. एकदा ते बघा, मग कळेल यावर किती जीव टाकतात. फोटोसाठी फायरस्टॉर्म हा दुसऱ्यांनी केलेला व्ह्यूअर (सेकंड लाइफ बघायचा प्रोग्रॅम) मला सोयीचा वाटला. उजेड, सावली, मागचं धूसर करणं, सगळं एका खिडकीत आहे.

आता त्रासाचं. शिकायला वेळ लागतो, आणि पहिले चार दिवस कुणी शेजारी बसणारं हवं. सई नसती तर मी केसांचा खोका डोक्यावर घेऊनच फिरले असते. हा विनोद नाही, पाकीट न उघडता अंगावर चढवलं की खोकाच दिसतो. घड्याळ कॅलिफोर्नियाचं, त्यांची दुपारी बाराची मैफल म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा, थंडीत दीड. जागांना जनरल, मॉडरेट, अडल्ट अशा खुणा आहेत, सेटिंगमध्ये आधी जनरल करून टाका. तरी एखादा अनोळखी बाप्या लघळपणा करतोच. त्याला म्यूट करता येतं, ही सोय आमच्या पेठेत असती तर. फोनवर हौस भागत नाही, बरा ग्राफिक्स कार्डाचा संगणक लागतो. आणि पैशाचा हिशेब कागदावर ठेवा. लिंडन आकड्यांनी मोठे आणि किमतीनं लहान, त्यामुळे हात सैल सुटतो. सुरुवातीच्या अंगा-डोक्यानंतर मी महिन्याला २०० रुपयांची मर्यादा घातलीय, ती दोनदा मोडली.

नऊवारी मात्र मला तिथे सापडली नाही. साड्या आहेत, लेहंगे भरपूर आहेत, काष्ट्याची एकही हाती लागली नाही. सईच्या कॉलेजात मार्व्हलस डिझायनर आहे, तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं की आपणच करू. तिनं विचारलं, "आत्या, पॅटर्नचे तुकडे किती?" मी म्हटलं, एक. नऊ वार लांब, सरळ आयत. "आणि शिवण कुठं?" शिवण नाहीच. तिनं तो आयत बाहुलीवर सोडला तर तो खाली जमिनीवर पडला, घसरून. मग खोचण्याच्या जागी टाचण्या लावल्या, कंबरेला गाठ म्हणून एक अदृश्य पट्टी बांधली. निऱ्या झाल्या, पदर खांद्यावर राहिला, आणि तो पडतोही छान. आता कासोटा. दोन पायांमधून कापड मागे ओढलं की ते थरथरतं आणि गोळा होऊन उसळी मारतं. गेल्या रविवारी सतरा वेळा ओढलं. सई म्हणते कापड जाड कर, मी म्हणते काठ आधी आवळ.