कॉम्प्लिमेंट शिकवायला सुरुवात कुठून करावी: क्लासिकल की अल्टर्नेटिव्ह?

कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूंवर हल्ला करणारी रक्तातल्या प्रथिनांची साखळी. क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टर्नेटिव्ह हे ती सुरू होण्याचे मार्ग, म्हणजे पाथवे. सोलापुरात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना मी हा विषय दोन्ही क्रमांनी शिकवलाय. यंदा पहिल्यांदा जे शिकवणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

क्लासिकलपासून सुरुवात केली की गाडी सुरळीत चालते. कॉम्प्लिमेंटवर सुरुवातीचं काम करणाऱ्या बोर्देंपासून इतिहास ओघाने येतो. अँटिबॉडीला धरणाऱ्या सी१क्यू या प्रथिनाची सहा डोकी फळ्यावर काढली, की पृष्ठभागावर बसलेला आयजीएम या अँटिबॉडीचा एकच रेणू का पुरतो आणि आयजीजी या अँटिबॉडीचे मात्र जवळजवळ बसलेले अनेक का लागतात, हे मुलांना लगेच कळतं. लेक्टिन पाथवेही पाठोपाठ उरकतो. तिथे एमबीएल हे प्रथिन जंतूवरची मॅनोज ही साखर धरतं, पुढे सी४ आणि सी२ ही प्रथिनं क्लासिकलसारखीच.

मला खुपायचं ते पुढे. ‘आधी ओळख, मग हल्ला’ हे डोक्यात इतकं पक्कं बसतं, की अल्टर्नेटिव्हला आल्यावर मुलं विचारतात, "सर, इथे ओळखतं कोण?" मग प्रॉपर्डिन या प्रथिनाचं नाव घेऊन मोकळी होतात. त्याचं मुख्य काम तर सी३ तोडणारं कन्व्हर्टेज हे एन्झाइम टिकवण्याचं!

खरं तर सी३ हे कॉम्प्लिमेंटचं प्रथिन रक्तात सतत थोडं थोडं सक्रिय होतच असतं. त्याचा तुकडा सी३बी जवळच्या कुठल्याही पृष्ठभागाला चिकटतं, आपल्या पेशींनाही. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरच्या अक्षता जशा कुणाच्याही अंगावर पडतात, तसं. निवाडा होतो तो त्यानंतर. आपल्या पेशीवरच्या सियालिक ॲसिड या साखरेमुळे फॅक्टर एच हे प्रथिन तिथे घट्ट बसतं आणि त्याच्या मदतीने फॅक्टर आय हे एन्झाइम सी३बीला निकामी करतं. ज्या जंतूवर अशी खूण नाही, त्याच्यावर सी३बीचा थर वाढत जातो. म्हणजे इथे ओळखले जातात ते आपले. परके त्यातून उरतात.

हे डोळ्यांनी दाखवताही येतं. माणसाच्या सीरममध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारं मॅग्नेशियम-ईजीटीए घालून, कॅल्शियमवर चालणारे क्लासिकल आणि लेक्टिन बंद करा. एका नळीत मेंढीच्या तांबड्या पेशी घाला, दुसरीत सशाच्या. सियालिक ॲसिड भरपूर असलेल्या मेंढीच्या पेशी शाबूत राहून नळी गढूळच राहते, सशाच्या पेशी फुटून नळी लालभडक पारदर्शक होते. सीरम मात्र ताजं हवं आणि बर्फावर हवं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलं तर त्याचा जोर ओसरतो.

दोनच तास हाताशी असतील आणि परीक्षा तोंडावर असेल, तर क्लासिकल घ्यायला माझी हरकत नाही. थोडी सवड असेल तर मात्र अल्टर्नेटिव्ह आधी घेऊन बघा. मेंदूज्वराचा जंतू ‘मेनिंगोकोकस बी’ सियालिक ॲसिडचं कवच का बाळगतो, हे मग मुलं आपणहून सांगतात.