शंभर फुटी रोडच्या मागचं शनिवार-रविवारचं थाई जेवण, आईला घेऊन तीनदा जाऊन आल्यावर

सांगलीत थाई म्हणलं की चायनीजच्या गाडीवर मिळणारी हिरवी करी एवढाच माझा अनुभव होता, त्यामुळं शंभर फुटी रोडच्या मागच्या गल्लीत एका घराच्या पार्किंगमध्ये थाई बाई जेवण करतीय असं मैत्रिणीनं सांगितलं तरी मी दोन आठवडे गेलेच नाही. मग ती म्हणाली अगं ती बाई थायलंडातल्या इसानची आहे, बोर्डावर लिहिलंय, आणि मी त्याच संध्याकाळी गाडी काढली.

कारण आमचा दादा इसानात राहतो. २०१८ पासून. बायकोच्या गावात. हे वाक्य आमच्या घरात गेली कित्येक वर्षं कुणी असं सरळ बोललेलं नाही. आईला हळदीकुंकवाला कुणी विचारलं, मुलगा कुठं असतो, की ती बँकॉकला म्हणते आणि विषय बदलते. खरं तर त्याचं गाव बँकॉकपासून रेल्वेनं पावणेसहाशे किलोमीटर, रात्रभराचा प्रवास, उबोन राचथानी शहराच्या पलीकडं मून नदी ओलांडून वारिन चामरापच्या बाजूला. राचथानी म्हणजे आपलीच राजधानी, आणि इसान म्हणजे ईशान, ईशान्य दिशा, थायलंडचा ईशान्येकडचा भाग, वीस प्रांत आणि जवळजवळ एक तृतीयांश देश. हे शब्द आपल्याच संस्कृतातनं तिकडं गेलेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला सांगायला धावले होते, ती म्हणाली असू दे.

तर जागेबद्दल. हॉटेल नाहीच हे. पत्र्याचं शेड, पाच टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका बाजूला गॅस आणि एका बाजूला कोळशाची शेगडी. हे चालवणारे काका मूळचे पलूसकडचे, वीसेक वर्षांपूर्वी थायलंडात चोनबुरीला कंपनीत मेंटेनन्सला होते, तिथं या थाई काकू भेटल्या, आता दोघं काकूंच्या गावात राहतात खोन काएनकडं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडं भात कापून झालं की दोघं काकांच्या बहिणीकडं सांगलीला येतात आणि जानेवारी ते मार्च अखेर दर शनिवार-रविवार संध्याकाळी हे चालवतात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत, कारण १३ एप्रिलला सोंगक्रान, त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा काकूंना आईवडिलांच्या हातावर सुगंधी पाणी घालायला घरी असावंच लागतं. त्यात तडजोड नाही म्हणाल्या.

पहिल्यांदा मी एकटीच गेले. खायचं काय तर सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं. कोशिंबीर म्हणणं बरोबर नाही कारण ती किसून कालवत नाहीत, कुटतात. मातीचा खोल उखळ आणि लाकडी मुसळ, आधी लसूण मिरची, मग ताडगूळ, मग चवळीच्या लांब शेंगा तोडून, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू, शेवटी पपईच्या लांब काड्या, आणि एका हातानं मुसळ मारताना दुसऱ्या हातात चमचा घेऊन काकू खालचं वर उलटत राहतात, टोक टोक टोक असा तो आवाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येतो. दादाला फोन केला की मागं हा आवाज नेहमी असतो. मला इतकी वर्षं वाटायचं शेजारी बांधकाम चालू आहे.

काकू पहिल्यांदाच विचारतात, पला रा चालंल का? पला रा म्हणजे मीठ आणि भाताचा कोंडा घालून महिनोन् महिने मुरवलेला मासा, वास सुकटीपेक्षा उग्र, पण इसानात त्याशिवाय सोम तम ही कल्पनाच नाही. मी घातलेलं खाल्लं. पहिला घास अवघड, तिसऱ्या घासाला समजतं की आंबट, तिखट, गोड या सगळ्याला खाली धरून ठेवणारी खारट चव तीच आहे. तिखट मात्र विचारून घ्या, आपण कोल्हापुरी-सांगलीकर म्हणून मिजास करू नये, ती छोटी मिरची वेगळी आहे.

सोबत चिकट भात. खाओ नियाओ. रात्रभर भिजवून सकाळी नाही तर संध्याकाळी बांबूच्या टोकदार टोपलीत वाफवतात, भांड्यावर ती टोपली टोपीसारखी बसवलेली असते, शिजला की लाकडी परातीत पसरून उलथण्यानं हलवून वाफ घालवतात आणि मग झाकणाच्या बांबूच्या डब्यात भरतात, त्याला क्रतिप म्हणतात. तो डबाच टेबलावर येतो. हातानं तोडायचा, बोटांनी गोळा करायचा आणि चटणीत बुडवायचा, चमचा नाही. चटणीचं नाव चेओ, भाजलेल्या सुक्या मिरचीची, चिंच घातलेली, आणि देवाशपथ सांगते, ठेच्याची सख्खी बहीण आहे. भाकरी-ठेचा खाणाऱ्या माणसाला हे जेवण परकं वाटूच शकत नाही, आणि मी तिथं बसून विचार करत होते की दादा फोनवर इतकी वर्षं "आपल्यासारखंच जेवण असतंय गं" म्हणायचा तेव्हा आम्हाला वाटायचं तो आमची समजूत काढतोय.

तर पुढच्या रविवारी आईला नेलं. आई माळकरी. तिला काय सांगून नेलं ते जाऊ दे, पण दारात आल्यावर वास आला आणि ती थबकली. काकूंनी तिच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली, काकांना काहीतरी विचारलं, आणि म्हणाल्या "आई, जे". तिकडं शाकाहाराला जे म्हणतात, दरवर्षी नऊ दिवस हजारो लोक तो पाळतात, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास. मग त्यांनी आतून वेगळा छोटा उखळ आणला जो त्या फक्त शाकाहारी लोकांसाठी ठेवतात, मासा कधी न लागलेला, आईसमोर परत धुवून दाखवला, आणि फिश सॉसच्या जागी मीठ-सोया घालून सुकी कोळंबी न घालता सोम तम कुटलं, लसूण घालू का हेपण विचारलं. आणि मशरूमचं लाब. लाब म्हणजे बारीक चिरून लिंबू, पुदिना, कांदा आणि भाजून कुटलेला चिकट तांदूळ घातलेलं, त्या भाजक्या तांदळाचा वास मेतकुटाच्या जवळ जातो. आई पहिली पाच मिनिटं नुसता भात खात होती. मग चेओत बुडवलं. मग गप्प बसून सगळं संपवलं.

आणि मग काका बाजूच्या खुर्चीवर बसले आणि आईनं जे मला कधी विचारलं नाही, दादाला कधी विचारलं नाही, ते या अनोळखी माणसाला विचारलं. तुम्हाला तिथं घरजावई म्हणून हलकं लेखतात का हो?

काका म्हणाले आई, तिकडं इसानात मुलगाच लग्न करून बायकोच्या घरी जातो ही जुनी रीत आहे, सगळ्यात धाकटी मुलगी घर सांभाळते, आईवडिलांना बघते आणि घर बहुतेक तिलाच मिळतं, त्यामुळं जावई घरात येणं म्हणजे घरात माणूस वाढणं. जावयाला खोई म्हणतात. गोरा असला तर खोई फारांग. व्हिएतनाम युद्धात उदोनला अमेरिकेचा हवाई तळ होता तेव्हापासून त्या भागात गोरे जावई आहेत, आता तर युरोपातनं रिटायर झालेली माणसं गावोगावी दिसतात. आपल्या लोकांना फारांग नाही म्हणत, खाएक म्हणतात, आणि खाएकचा दुसरा अर्थ पाहुणा. "म्हणजे मी जावईबी आणि पाहुणाबी," असं म्हणाले. आईनं मान हलवली. लग्नात मुलाकडनं मुलीच्या आईवडिलांना सिन सोत म्हणून पैसे आणि सोनं सगळ्यांसमोर ताटात मांडून द्यायचं असतं हे ऐकल्यावर मात्र ती माझ्याकडं वळली, आपल्या पोरानं दिलं का? दिलं होतं. मला माहीत होतं, तिला नव्हतं. पुष्कळ घरांत त्यातलं बरंच नवरा-बायकोला परतही देतात हे काकांनी लगेच सांगितलं म्हणून निभावलं.

पण खरी गोष्ट कागदांची निघाली. बाबा गेले तेव्हा दादा आला होता आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघून गेला. आईच्या मनात ते तेव्हापासून होतं की सासरची ओढ जास्त झाली. काकांनी तिला सांगितलं की थाई बायकोच्या आधारावर राहायचं तर राहण्याच्या परवानगीचं दरवर्षी एक्स्टेंशन घ्यावं लागतं, त्यासाठी ४ लाख बाथ, आजच्या भावानं दहा लाख रुपयांच्या वर, अर्जाच्या आधी दोन महिने बँकेत पडून पाहिजेत, नाही तर महिना ४०,००० बाथचं उत्पन्न दाखवायचं, दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, देशाबाहेर जाताना री-एंट्री परमिट घेतलं नाही तर वर्षाचं एक्स्टेंशन गेलं, आणि मुदत संपायच्या आत माणसानं स्वतः इमिग्रेशनला हजर राहावं लागतं. दादाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. तो म्हणालाही होता, कागदाचं काम आहे. आम्ही ऐकलं नव्हतं, म्हणजे ऐकलं पण विश्वास ठेवला नाही. आई बराच वेळ क्रतिपचं झाकण उघडबंद करत बसली.

ज्यांच्या घरातलं कुणी तिकडं आहे किंवा जायच्या विचारात आहे त्यांनी काकांशी जमिनीबद्दल जरूर बोला, ते मोकळेपणानं सांगतात. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. फ्लॅट होतो, तोही इमारतीतल्या एकूण जागेच्या ४९ टक्क्यांच्या आतच. गावातली जमीन बायकोच्या नावावर आणि खरेदीच्या वेळी नवऱ्यानं लिहून द्यायचं की पैसे तिचेच आहेत. काकांनी घर बांधलं तेव्हा काकूंच्या चानोतवर, म्हणजे पक्क्या मालकीच्या कागदावर, आपल्या हयातभर वापराचा हक्क लँड ऑफिसात नोंदवून घेतला, आपण सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढवतो तसं. दादानं हे केलेलं नव्हतं. त्याच रात्री मी त्याला फोन केला.

आणखी एक, काकूंना मी सांगितलं की भाऊ वारिनला असतो तर त्यांनी लगेच विचारलं पुरात होता का. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागला आमच्या चुलत्यांकडं, दादा तिकडनं दिवसातनं दहा फोन करायचा. पुढच्याच महिन्यात मून नदी चढली आणि उबोन-वारिन पाण्याखाली गेलं, तेव्हा फोन करायची पाळी आमची होती. आईनं तेव्हा देवापुढं सुनेचं नाव घेतलं होतं, मी ऐकलं होतं. तिला वाटतं मला माहीत नाही.

निघताना काकूंनी आईच्या मनगटाला पांढरा सुती दोरा बांधला. तिकडं लग्नाला, प्रवासाला, आजारपणानंतर बांधतात, माणसाचा जीव म्हणजे ख्वान अंगातनं इकडंतिकडं भटकू नये म्हणून, निदान तीन दिवस काढायचा नाही. आई एरवी असलं कुणाकडनं बांधून घेत नाही, तिनं हात पुढं केला आणि दुसऱ्या हातानं काकूंच्या डोक्यावरनं हात फिरवला. घरी जाऊन रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, तिकडं बारा वाजले होते, दादा घाबरून उठला, काय झालं आई? ती म्हणाली काही नाही, सूनबाईला उठव, दोरा दाखवायचाय.

आता जे आवडलं नाही तेही सांगते. वेळ फार लागतो, काकू एकट्याच कुटतात, गर्दी असली की पाऊण तास धरून चाला आणि उपाशी पोरं नेऊ नका. पार्किंग नाही, गल्लीत गाडी लावली तर शेजारी ओरडतात आणि त्यांचंही चूक नाही. ग्रीन करी आणि पॅड थाई मेनूत लोकांच्या आग्रहानं ठेवलंय, मागवू नका, नारळाच्या दुधाची करी इसानची नव्हेच आणि ती तशीच लागते, मन न लावता केल्यासारखी. कोळशावरचं चिकन, काई यांग, पहिल्या वेळी अप्रतिम आणि तिसऱ्या वेळी हाडाजवळ कच्चं होतं, सांगितल्यावर लगेच परत शेकून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. चिकट तांदूळ त्या गावाकडनं नव्या भाताचा आणतात, बॅगेत बसेल तेवढाच, त्यामुळं साडेआठनंतर गेलात तर साधा कोलम मिळेल, मग मजा नाही. गवती चहा आणि कुलिंजन घातलेलं आंबट-तिखट सूप, तोम साएप, थंडीत जरूर घ्या, मटणाचं असतं, शाकाहारी करून मिळत नाही. दोघींचं मिळून बिल ४२० झालं, पोट जड होतं, रात्री दुसरं काही लागत नाही.

तिसऱ्या वेळी आईच म्हणाली चल. तिनं काकूंकडनं एक क्रतिप विकत घेतला, विकायला नव्हताच खरं तर, त्यांच्या घरचा वापरातला होता, पैसे घेतच नव्हत्या, आईनं जबरदस्तीनं दिले आणि वर हरिपूरच्या देवळातला प्रसाद. घरी त्यात ज्वारीच्या भाकरी ठेवल्या, फडक्यात गुंडाळून, सकाळच्या भाकरी रात्री मऊ होत्या, खाली पाणी सुटलं नव्हतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला मी इथं हेच करतोय सहा वर्षं, ज्वारी मिळत नाही म्हणून तांदळाच्या भाकरी. आई म्हणाली पीठ पाठवते, पत्ता दे गावाचा नीट, बँकॉकचा नको.