मालवणच्या हिरव्या पाण्यात शिअरवॉटर पेरेग्रिन: दोन हंगामांनंतरचा अनुभव

कुठला डाईव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, बाबा, तू उतरणार कुठे? यूट्यूबवरची बहुतेक परीक्षणं लाल समुद्रातली नाहीतर मालदीवची. तिथे पंचवीस मीटरवरचा मासा ओळखू येतो. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दिवस चांगला लागला तर सहा-सात मीटर दिसतं, आणि उधाण येऊन गेलं की हात लांब केला तर स्वतःचीच बोटं पुसट. तिथे चाळीस फीचर्सची यादी घेऊन काय करायचं? आकडा दिसतो की नाही, एवढंच आधी बघायचं.

माझ्याकडे शिअरवॉटर कंपनीचा पेरेग्रिन आहे, साधा, त्याच्यावरचं टीएक्स हे मॉडेल नव्हे. राहायला कोल्हापूर, आजोळ मालवण, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की जमेल तो शनिवार-रविवार पाण्यात. मेअखेर जलपर्यटन बंद होतं आणि सप्टेंबरपर्यंत सगळं सामान आवरून ठेवावं लागतं. त्या चार महिन्यांबद्दल शेवटी लिहितो, कारण कोकणात यंत्राचे हाल पाण्यापेक्षा पावसाळ्यात जास्त होतात.

घेण्याआधी क्रेसी लिओनार्डो, मारेस पक आणि सुंटो झूप नोवो हे तिन्ही मित्रांकडून मागून मनगटावर बांधून पाहिले होते. तिन्ही कामाचे. लिओनार्डोला एकच बटण, आकडे मोठे, आणि सेल घरच्या घरी बदलता येतो. झूपला चार बटणं, पण एकदा सवय झाली की मेन्यूत चाचपडावं लागत नाही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने आणि वर्षाकाठी चार-पाच वेळाच उतरणाऱ्याने यांतला एखादा घ्यावा आणि उरलेल्या पैशात चांगला मास्क घ्यावा, असं माझं आजही मत आहे. पेरेग्रिनची किंमत यांच्यापेक्षा बरीच जास्त आहे.

मग मी का घेतला? पडद्यासाठी. 2.2 इंची रंगीत पडदा, आतून उजळलेला. करड्या पडद्याचे कॉम्प्युटर वरून येणाऱ्या उजेडावर वाचायचे असतात, आणि गढूळ पाण्यात तो उजेडच वरच्या वर अडतो. मग बटण दाबून मागचा दिवा लावा, तो काही सेकंदांत विझतो, पुन्हा दाबा. डाव्या हातात नांगराचा दोर, उजव्या हाताने बीसीडीची, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटची, हवा सोडायची, अशा वेळी बटण दाबायला तिसरा हात आणायचा कुठून? पेरेग्रिनकडे नुसतं बघायचं. खोली, वेळ आणि नो-डेकोची उरलेली मिनिटं (म्हणजे वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल असा उरलेला वेळ) एका नजरेत दिसतात. मला चाळिशी लागली आहे. चष्म्याशिवाय, साध्या मास्कमधूनही हे आकडे वाचता येतात, आणि माझ्या वयाच्या लोकांना एवढ्यासाठीच मी तो घ्यायला सांगेन.

आता कोकणातली खास गोष्ट. किल्ल्याजवळ आपण उतरतो ते पाच ते नऊ मीटर. एवढ्या खोलीवर नायट्रोजन इतक्या सावकाश साठतो की नो-डेकोच्या जागी तासभर 99 हा आकडा ढिम्म बसलेला असतो. हा यंत्राचा दोष नाही, त्याहून मोठा आकडा तो दाखवतच नाही. दुसरं म्हणजे सेफ्टी स्टॉप, वर येताना खबरदारी म्हणून थोडं थांबणं. पेरेग्रिन तो मागतो 11 मीटरच्या खाली जाऊन आल्यावरच. त्यामुळे किल्ल्याजवळच्या डाईव्हमध्ये तो स्टॉपचं नावही काढत नाही, आणि नवखे मग विचारतात की बिघडला की काय. मी तरीही पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. निवतीच्या खडकांकडे खोल पाण्यात गेलं की उलटी मोजणी आपोआप दिसते. सहा मीटरच्या वर आलात की ती सुरू होते आणि साधारण अडीच ते सव्वाआठ मीटरच्या पट्ट्यात असेपर्यंत चालू राहते. पट्टा असा ऐसपैस आहे ते बरंच आहे. निवतीला लाट मोठी असते, पाच मीटरवर थांबलेला माणूस श्वासासरशी चारवर आणि सहावर जातो. पट्टा अरुंद असता तर मोजणी सारखी अडखळली असती.

वर येण्याचा वेग दाखवणारे बाण मात्र पहिल्यांदा बघून मी वैतागलो होतो. खोलीच्या शेजारी बाणांची उभी रांग असते, एक बाण म्हणजे मिनिटाला 3 मीटर. तीनपर्यंत पांढरे, चार-पाचला पिवळे, सहाला लाल होऊन लुकलुकतात आणि मनगटावर थरथर. लाट वर उचलते तेव्हा आपण पाय न हलवता दोन पांढरे बाण चढतात, लाट उतरली की उतरतात. हे धरून चालायचं. पण एकदा बाण चढले आणि लाट जाऊनही उतरले नाहीत, तर बीसीडीत हवा राहिली आहे हे समजावं. हिरव्या पाण्यात वर-खाली कुठे चाललोय ते डोळ्यांना कळत नाही, बुडबुड्यांखेरीज दुसरी खूण नसते. उथळ डाईव्हला कॉम्प्युटर कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे बाण आहेत. श्वास रोखून झपाट्याने वर आलं की फुप्फुसाला इजा होते, त्याला खोलीची गरज नाही. दाबाचा सगळ्यात मोठा फरक वरच्या दहा मीटरांतच असतो, तिथे दाब दुप्पट होतो.

आमच्या होडीवरचे तांडेल काका या सगळ्याकडे कौतुकाने बघतात आणि म्हणतात, "पाणी ढवळलेला आसा ह्या तुझ्या घड्याळाक कधी कळतला?" काकांचं बरोबर आहे. उतरायचं की नाही ते अजून तेच ठरवतात.

गणिताबद्दल थोडक्यात. झ्युरिकच्या ब्यूलमन या डॉक्टरांचं गणित यात आहे. शरीराचे 16 काल्पनिक भाग धरून प्रत्येकात किती नायट्रोजन साठला ते मोजायचं, त्यावर ग्रेडियंट फॅक्टरची कात्री लावायची, म्हणजे मूळ मर्यादा ठरावीक टक्क्यांवर आणायची. तीन तयार पर्याय मिळतात, 45/95, 40/85 आणि 35/75. मी मधला ठेवतो. 85 म्हणजे पाण्याबाहेर येताना मूळ मर्यादेच्या 85 टक्क्यांपर्यंतच जायचं. मालवणात या आकड्यांनी काही फरक पडत नाही. अंदमानला गेलो तेव्हा पडला. तिथे दिवसाला तीन डाईव्ह, पंचवीस-तीस मीटरवर. माझ्या बडीचा, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराचा, कॉम्प्युटर दुसऱ्या पद्धतीने मोजणारा, तो दुसऱ्या-तिसऱ्या डाईव्हला माझ्यापेक्षा कमी मिनिटं देत होता. ज्याची मिनिटं कमी, त्याच्यावर दोघांनी वर यायचं, हा साधा नियम. माझा जास्त सैल म्हणून माझाच खरा, असल्या वादात पडू नये.

नसलेल्या गोष्टींत होकायंत्राची उणीव जाणवते. दिसत नसलेल्या पाण्यात नांगराकडे परत यायचं तर दिशा लागते. साध्या पेरेग्रिनमध्ये ते नाही, टीएक्समध्ये आहे. मी उजव्या मनगटावर साधं सुईचं होकायंत्र बांधतो, सेल लागत नाही आणि भागतं. टीएक्समध्ये सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवण्याची सोयही आहे, पण त्याचा ट्रान्समीटर वेगळा घ्यावा लागतो. त्या हौसेसाठी मी तरी पैसे घालणार नाही. नळीच्या टोकाचं गेज कुठे जात नाही.

नो-फ्लायची, म्हणजे विमानात बसण्याआधी किती थांबायचं त्याची, उलटी मोजणीही माझ्या यंत्रात नाही, बाहेर आल्यापासून किती वेळ झाला तेवढं दिसतं. विमानाने न जाणाऱ्यांना वाटेल, आपला काय संबंध. संबंध आहे, कारण आपल्याला घाट चढायचा असतो, आणि उंचीवर विमानातल्यासारखाच हवेचा दाब कमी होतो. डाईव्हनंतर विमानासाठी डॅनने (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाईव्हिंग सुरक्षेच्या संस्थेने) सांगितलेली थांबण्याची वेळ, एका डाईव्हनंतर 12 तास आणि जास्त डाईव्ह असतील तर 18, ही साधारण 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली 690 मीटरच्या आसपास. म्हणजे सकाळी दोन डाईव्ह, दुपारी सोलकढी-भात आणि संध्याकाळी आंबोलीत भजी, हा सगळ्यांचा लाडका बेत त्या रेषेच्या वर जातो. आठ मीटरच्या डाईव्हनंतर धोका थोडा असेल, कबूल. पण निवतीला खोल जाऊन आलो की मी आजोळी मुक्काम करतो आणि सकाळी निघतो. कॉम्प्युटर याची आठवण करून देणार नाही, ती आपणच ठेवायची.

देखभाल. दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास. नुसतं नळाखाली धरून भागत नाही, बटणांच्या कडेला पांढरं मीठ धरतं आणि मग बटण करकरतं. दोन-तीनदा पाण्यातच दाबून सोडायचं. यंत्राबरोबर पट्टा आणि बंजी (ताणणारा) दोर दोन्ही येतात. मी बंजी लावली, तीन मिलिमीटरचा सूट पाण्यात दबला तरी ती सैल पडत नाही. पडद्यावर संरक्षक फिल्म लावा. होडीच्या काठावर सिलिंडर ओढताना मनगट आपटतंच.

बॅटरी आतली, चार्ज होणारी, चार्जिंगच्या बशीवर नुसतं ठेवायचं. मध्यम उजेडावर कंपनी 30 तासांचा दावा करते, शनिवार-रविवार मला चार्जर न्यावा लागत नाही. पण ही बॅटरी आपल्याला घरी बदलता येत नाही, हे घेतानाच माहीत असावं. दहा वर्षांनी लिओनार्डोवाला नवा सेल टाकून उतरेल, माझं यंत्र सर्व्हिसला पाठवावं लागेल.

पावसाळ्यात ते मी निम्म्या चार्जवर, सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात ठेवतो आणि महिन्या-दीड महिन्याने काढून बघतो. मालवणात ठेवलेल्या बॅगेला जुलैत बुरशी आली होती. म्हणून रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क मेअखेर कोल्हापूरला आणतो, सूट आणि फिन्स मात्र मामाच्या पडवीत तशाच टांगलेल्या असतात.